गिळलेला ब

आई,

चहा गाळून थर्मासमध्ये ठेवलाय. मी आज सातलाच निघाले, कारण हे तोंडावर सांगायची हिंमत होईना. ही चिठ्ठीसुद्धा तिसरी आहे, आधीच्या दोन फाडल्या.

तुझा हात सुधारलेला नाही, आई.

तुझ्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा मी मुद्दाम तुझ्यासारखी बोटं थरथरवत टाइप करून बघत होते. दुकानदार घाबरून म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?" पाच लॅपटॉप तसे तपासले आणि त्यातला हा छोटा घेतला. मग घरी त्यात एक सेटिंग केलं. तेच बटण चटकन पुन्हा दाबलं गेलं, तर लॅपटॉप दुसरं अक्षर गिळून टाकतो. बोटं तशीच थरथरतात, फक्त पडद्यावर दिसत नाही. तुझी टायपिंगची कामं सुटू नयेत, एवढंच मनात होतं. पण काल तू "हात एकदम ठणठणीत!" म्हणत डॉक्टरांची वेळ रद्द केलीस आणि मी चिठ्ठी लिहायला बसले.

ती वेळ मी फोन करून परत घेतलीये, आज अकराची. सेटिंग बंद केलंय. एक पान टाइप करून बघ, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण जा.

तुझ्या कामातली गिळलेली अक्षरं मी गुपचूप भरत होते. लॅपटॉपवरून मला पाठवलेल्या मेसेजमधली तेवढी राहिली. पंधरा दिवस वाचतेय, "बी, जेवलीस का?"

दोन्ही ब तू दाबले होतेस, मला माहीत आहे.

बबी