सड्यावरची दोन बाकं

१२ ऑगस्ट
पुण्याच्या दातेबाई आल्या. गेल्या पावसाळ्यात गावावरचं कातळपठार, म्हणजे सडा, राखायला म्हणून आमच्या खाणावळीतल्या पेटीत सगळ्यात मोठी देणगी त्यांचीच. गाड्या वर चढू नयेत म्हणून गावच्या समितीने साखळी लावली, उरलेल्यातून सिमेंटची दोन बाकं. एकावर बाईंचं नाव, देवळात घालतो तसं. मीच सुचवलेलं. केवढ्या हौसेने दाखवायला नेलं!

बाई बघतच राहिल्या. "इथेच ना हो सीतेची आसवं फुलायची?"

इथेच. कातळावर पाणी झिरपायचं, ती जागा. बाकांच्या पायाने पाणी अडलं, आता नुसता चिखल. मला मेलीला सपाट जागा तेवढी दिसली.

"माझं नाव काढा. बाकही काढा." मग दुसऱ्याकडे बघून, "आणि हे कुणाचं?"

त्यावर मामंजींचं नाव. म्हटलं, "ते आमच्या घरचं."

खोटं. तेही पेटीतलंच.

१३ ऑ.
वाढताना बाईंकडे बघवेना. त्यांनी नेहमीसारखी सोलकढी मागून घेतली. निघताना म्हणाल्या, "तुमच्या घरच्या बाकाचं मी काय सांगणार?" शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ ऑ.
ह्यांना मुंबईला फोन. "बाबांचं नाव काढायचं नाय हां. आई रोज तिथं बसते." ठेवून दिला.

खरंय. सासूबाई संध्याकाळी काठी टेकत जातात, नावावरून हात फिरवतात. वाचता येत नाही तरी. मामंजींनी जन्मभर त्याच सड्यावर गुरं राखली. म्हणून समितीत नाव पुढे केलं. कोण नाही म्हणणार? सेक्रेटरी मी! आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

१९ ऑ.
बाईंचं बाक उखडलं. गडी पहार खांद्यावर टाकून विचारतो, "वैनी, दुसरा कधी?" सांगते म्हटलं.

२० ऑ.
सा.बाईंना सांगून टाकलं. भाजी निवडत होत्या.

"मंजी आपला बाकडा लोकांच्या पैशातला हाय?"

"हो."

"ह्यांनी जल्मात कुनापुढं हात नाय पसरला गो."

बास. पुढे भाजीच निवडत राहिल्या. मला मान वर करवेना.

२१ ऑ.
वाटलं, आज जायच्या नाहीत. गेल्या. मागोमाग मीही.

बाकावर बसल्या नाहीत. शेजारी ओल्या कातळावर बसल्या, बाकाकडे पाठ करून.

"उठा, लुगडं भिजेल."

"भिजंदे."

गड्याला काय सांगू, ते विचारायला गेले होते. विचारलं नाही. मीही खालीच बसले.