तू आखलेले डोळे

आई, आमच्या संग्रहालयात बायकांनी केलेल्या कामांचं वेगळं दालन होतंय. तैलचित्रं आहेत, कापडावरचं भरतकाम आहे, एका बाईने आयुष्यभर आपल्या स्वयंपाकघराची खिडकीच रंगवली, तीही आहे. प्रत्येकीच्या कामाशेजारी तिचं नाव. त्या पाट्या लावणं माझ्याकडे आहे. लावता लावता वरिष्ठ बाईंना सांगून बसले, की माझी आई पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायची. त्या म्हणाल्या, तिच्या हातची एक वस्तू आण, मात्र जशीच्या तशी हवी, वर दुसऱ्या कुणाचा हात फिरलेला नको. जागा देते.

कुठून आणणार? तुझं काम दर वर्षी पाण्यात गेलं. शाळा सुटली की मी कारखान्यात यायचे. ओल्या शाडूचा वास, फळीवर डोळ्यांविना बसलेले गणपती, समोर पाटावर तू. मला तू फक्त उंदीर रंगवू द्यायचीस. एकदा मी एका मूर्तीच्या डोळ्यात ठिपका दिला. तू ओरडली नाहीस. ओल्या फडक्याने डोळा पुसलास आणि म्हणालीस, "हा कुणाच्या तरी घरात दीड दिवस बघणार आहे. त्याला नीट दिसू दे."

गौरींचे मुखवटे मात्र तू मांडीवर घेऊन आखायचीस. इतरांच्या गौरी समोर बघतात, तुझ्या जरा खाली. मालकाने हटकलं तेव्हा तू म्हणालीस, ताट ठेवणारी बाई वाकलेली असते, तिच्याकडे कोण बघणार? आणि मुखवटे कुणी बुडवत नाही. तेरड्याची रोपं पाण्यात सोडतात, मुखवटा पुसून डब्यात जातो. असा तुझा एक मुखवटा किहीमला वाडीतल्या काकूंकडे होता, तुझ्या मैत्रिणीकडे. गौरी यायच्या आदल्या दिवशी मी तिथे पोचले.

काकू जुन्या लुगड्याच्या घड्या उलगडतात. तेच डोळे, खाली बघणारे. डावी भुवई अर्धी गेलेली, दर वर्षी कुंकू लावताना बोट लागून. मी न्यायला आले म्हटल्यावर काकू हसतात. तिथे हिला हळदकुंकू कोण लावतं, विचारतात. हात लावायला बंदी आहे, मी सांगते. "अगो, म्हणजे उपाशीच की ती." मग पदराने मुखवट्यावरची धूळ पुसतात. "ने. तुझ्या आईचं नाव लागत असेल तर मी कोण अडवणार? मी बाजारातून दुसरी आणीन." मुखवटा माझ्या हातात देताना म्हणतात, "नेणार नसलीस तर उद्यासाठी एवढी भुवई काढून दे. तुझी आई गेल्यावर मी हिला कुणाला रंगाचा हात लावू दिला नाही."

भुवई काढली की मुखवटा जसाच्या तसा राहणार नव्हता. मी त्यांच्या नातवाच्या रंगपेटीतला बारीक ब्रश मागितला.

वरिष्ठ बाईंना सांगितलं, वस्तू मिळाली नाही. दालन उघडलं, त्यात तुझं नाव नाही. भुवई काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी गौर आली, तिसऱ्या दिवशी पुरणाचं जेवली. भुवई अगदी आईसारखी जमली, असं काकू म्हणाल्या आणि मी मान डोलावली. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. भुवई तुझ्यापेक्षा जाड झालीय. रंग ओला होता, पुसता आली असती. मी पुसली नाही.