बाकी बसा

अण्णा, परवा ताई आली होती. तुमची थोरली. परतूरच्या घरी नाही, इथे जालन्याला, माझ्या स्टुडिओत. तुम्ही गेलात तेव्हा हा स्टुडिओ नव्हता, म्हणून सांगते. एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत गाणारा उभा राहतो, दुसरीत मी बसते, मधे काच. तुमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना कापसाची जुनी पोती ठोकलेली असायची, माझ्याकडे विकतचा फोम आहे. टेप गेली, तुमचा तो मिक्सरचा खोकाही गेला, आता सगळं कॉम्प्युटरच्या पोटात. लग्नाची गाणी, निवडणुकीचा प्रचार, गॅदरिंगचे ट्रॅक, जयंतीची गाणी, येईल ते काम मी करते आणि चांगलं करते. हे माझं मीच सांगते आहे, कारण ताई तुमच्यासमोर उभी असती तर तिने स्वतःचंच सांगितलं असतं आणि तुम्ही तेच ऐकत बसला असतात.

ताईला तुमचं पाटीचं गाणं म्हणायचं होतं. आजीने कापूस वेचून तुम्हाला शाळेची पहिली पाटी घेऊन दिली, त्यावर तुम्ही केलेलं. मूळ टेप बुरशीने खाल्ली. तुमच्या स्मृतिदिनाला ते पुन्हा आपल्या वस्तीत वाजावं असं सगळ्यांच्या मनात होतं, आणि सगळ्यांच्या मनात म्हणजे अर्थातच ताईच्या आवाजात. मला कुणी विचारलंही नाही. मी गात नाही हे खरं आहे, पण विचारायला काय जातं? ताई सकाळच्या गाडीने आली, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. तेवढ्या वेळात गाणं व्हायला हवं होतं, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर काहीही झालं तरी तिच्यासमोर माझी फजिती व्हायला नको होती.

तुमच्या रेकॉर्डिंगचे दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. ढोलकीवाला पान थुंकून आत येतो, पेटीवाला भाता हलवून बघतो, तुम्ही दार लावता आणि म्हणता, "थोरलीला बोलवा. बाकी बसा." बाकी म्हणजे कोण? आम्ही तर दोघीच बहिणी. बाकी म्हणजे मी एकटी. मी दाराजवळच्या सतरंजीवर बसते. ताई माईकसमोर उभी राहते, तिच्या कानावर तुमचा मोठा हेडफोन, तिच्या घशासाठी डबीत ज्येष्ठमध. एकदा मी त्यातली एक काडी मागितली, तर तुम्ही म्हणालात, "तुला कशाला? तुला कुठं गायचंय?" ती काडी मला अजून हवी आहे, अण्णा. रेल्वे आली की सगळं थांबायचं, गाडी लांब जाईपर्यंत कुणी खोकायचंही नाही, आणि त्या वेळात तुम्ही ताईच्या डोक्यावर हात ठेवून उभे असायचा. मी गाड्या मोजायचे नाही. तुमचा हात किती वेळ तिथे राहतो तेवढं बघायचे.

म्हणून परवा मी जरा जास्तच तयारी केली. खोटं कशाला बोलू, तिला दाखवायचं होतं. ढोलकी, दोन पेट्या, टाळ, कोरस, सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यावर माझ्याकडे होते नव्हते तेवढे इफेक्ट चढवले. एक आवाज घुमवणारा, एक कमीजास्त आवाज सारखा करणारा, एक खरखर काढणारा, असे एकामागे एक. तिला म्हटलं, "नवीन मशीन घेतलंय ताई, आठ कोअरचं. आतमध्ये आठ जणं एकाच टायमाला काम करतेत." ती म्हणाली, "बापरे." तेवढ्यावर मी खूश. ती आत गेली, हेडफोन लावला, पहिलं कडवं धरलं आणि आवाज तडतडायला लागला.

"काय तडतडून राह्यलं गं हे? तेलात मव्हरी पडल्यावानी."

मी वायर बदलली. इन्व्हर्टर बघितला. अर्थिंग बघितलं. तडतड चालूच. मग बफर वाढवला. बफर म्हणजे कॉम्प्युटरला आवाजावर काम करायला दिलेली सवड. सवड वाढवली की तडतड जाते, पण आवाज कानात उशिरा पोचतो. ताई दोन ओळी गायली आणि थांबली. "माझाच आवाज माझ्या मागून येऊन राह्यला. गाऊ कशी मी?" सवड पुन्हा कमी केली, तडतड पुन्हा हजर. दुसऱ्या कुठल्याच गाणाऱ्याला माझ्याकडे असं कधी झालं नव्हतं. मला मशीनचा राग यायला हवा होता, मला तिचाच राग आला. ही आली की सगळ्यांनी हिच्यामागे धावायचं, आता मशीनसुद्धा, असं काहीतरी मनात आलं. मला पन्नाशी लागत आली, अण्णा, आणि मला असं वाटतं.

मशीनवर किती ताण आहे ते बघितलं तर जेमतेम पाव. म्हणजे दमलेलं कुणीच नाही आणि तरी काम वेळेत होत नाही. म्हणून मग प्रत्येक कोअरची पट्टी वेगवेगळी उघडून बघितली. एक पट्टी पार वर टेकलेली, लाल. उरलेल्या तळाशी निवांत पडलेल्या. ते बघितलं आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला. थोरलीला बोलवा, बाकी बसा.

दोष तुमचा होता. म्हणजे माझाच, पण तुमच्याकडून आलेला. तुम्ही सगळे माईक त्या एकाच खोक्यात आणायचा. म्हणायचा, "आवाज एका हातातून गेला पायजे, मंग एकजीव लागतो." सतरंजीवरून बघून बघून तेवढं माझ्या हातात बसलं. मीही ढोलकीपासून ताईपर्यंत सगळं एकाच मार्गाने सोडलं होतं आणि सगळे इफेक्ट त्याच मार्गावर रांगेत लावले होते. रांगेत पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, त्यामुळे ते काम वाटून देता येत नाही, सगळं एकाच कोअरच्या बोकांडी बसतं. एरवीची गाणी लहान, म्हणून निभावून जायचं. परवा ताईसाठी मी एवढा पसारा मांडला की त्या एकाला पेलवेना.

ताई हेडफोन काढून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "म्हंजी हे एकटंच राबून राह्यलं अन् बाकी नुसतेच बसलेत?"

"बाकी बसा," मी म्हणाले.

ती हसली. मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तू बसायचीस म्हणून तर माझे हाल व्हायचे. मी गायला लागले की अण्णा माझ्याकडं कुठं बघायचे? तुझ्याकडं बघायचे. तू नाक मुरडलं की बटन बंद. पुन्हा गा. मला तर वाटायचं, हिला सतरंजीसकट उचलून बाहेर ठिवावं."

"काहीही बोलू नको."

"अगं, मी भांडले होते त्यांच्याशी. गाऊन गाऊन मरायचं मी अन् पास करणार ही? तर म्हणले, कान तिचाच हाय. तू गा, ती ऐकंल. तिला बसू दे."

 क्षणभर इतका आनंद झाला की माऊस कुठे आहे ते दिसेना. आणि मग लगेच, अण्णा, तोच जुना हेवा. हे तुम्ही तिला सांगितलंत? माझ्या कानाची गोष्टसुद्धा तुम्ही तिच्याच कानात सांगितलीत? मी इतकी वर्षं त्या सतरंजीवर फुकट बसले असं समजत राहिले, आणि ताईला सगळं ठाऊक होतं. हेसुद्धा तिलाच मिळालं. मला फक्त बसायला मिळालं.

मग मी कामाला लागले. तो एक मार्ग मोडला. ढोलकीला तिचा मार्ग, पेट्यांना त्यांचा, कोरसला त्याचा, ज्याला जेवढा लागेल तेवढाच इफेक्ट. वाजवून झालेलं सगळं तिथेच गोठवून टाकलं, म्हणजे मशीनला ते पुन्हा पुन्हा शिजवायला नको. ताईच्या आवाजावर जवळपास काहीच ठेवलं नाही. पट्ट्या बघितल्या, सगळ्याच थोड्याथोड्या वर आल्या होत्या, लाल कुठलीच नाही. ताईला म्हटलं, "जा, गा आता."

ती गायली. तडतड नाही, उशीर नाही. तिचा आवाज आता पूर्वीसारखा उंच जात नाही, पण आजीच्या कडव्यावर ती जिथे थांबली तिथे तुम्हीही तसेच थांबायचा. मला रडू आलं. गाणं संपलं आणि ताई काचेतून बघायला लागली. माझ्या तोंडाकडे. लहानपणीही ती अशीच बघत असणार, तेव्हा माझं लक्ष तुमच्या हाताकडे असायचं.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर, गाण्याच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवते आहे. तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही आणि ताईला दाखवायची माझी तयारी नाही. वस्तीत ताईचा पहिलाच टेक वाजेल. तोच चांगला आहे, आणि तो संपला त्याच क्षणी मला ते कळलं होतं.

तरी मी नाक मुरडलं, अण्णा. ती मुकाट्याने पुन्हा गायली.