भैरीच्या देवळाखालची जमीन

मी, नीलकंठ दामोदर टिपणीस, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार रामवाडी, पेण, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आणून पाहणारे बरेच झाले. खात्री त्यांच्याकडे करावी.

१. रामवाडीचे घर पत्नी वृंदा हिला. माझे प्रत्येक भाषण तिने आधी स्वयंपाकघरात ऐकले आहे. ही भरपाई अपुरी आहे.

२. बँकेतील ठेवी वृंदा व मुलगी मैथिली यांना निम्म्या निम्म्या. पुस्तके रोह्याच्या वाचनालयाला. समासातल्या माझ्या शिव्या खोडू नयेत.

३. रोह्याजवळच्या मूळ गावी भैरीचे देऊळ ज्या जमिनीवर आहे, ती अजून माझ्या नावावर आहे. मी देव मानत नाही, हे तालुक्याला ठाऊक आहे. तरी देव माझ्या जागेत बिनभाड्याने राहतो. देऊळ समितीचे अध्यक्ष गुणाजी धोंडू मरवडे यांना तिथला सागवानी सभामंडप पाडून स्लॅब टाकायचा आहे. यांनीच गाभाऱ्याच्या दगडी भिंतींना न्हाणीघराच्या फरश्या लावल्या, फरशीगणिक एका देणगीदाराचे नाव. आत ओल कोंडली, फरश्या सुटल्या, आणि काही देणगीदार आयुष्यात प्रथमच देवाच्या पायाशी पडले.

४. मैथिली इंग्लंडात राहते त्या खेड्यात मी एक मध्ययुगीन चर्च पाहिले. मूळ भिंत नऊशे वर्षांची, दाराची कमान गोल. पुढे माणसे वाढली, तेव्हा भिंत न पाडता तिच्यातच टोकदार कमानी काढून शेजारी नवा भाग जोडला. मग मनोरा आला, मग मोठ्या खिडक्या. एका बुजवलेल्या खिडकीची अर्धी कमान आजही दिसते. मंडपावरून पेणला झालेल्या सभेत मी हे घसा फोडून सांगितले. गुणाजी उठून म्हणाला, "सर, आपला देव मानत नाय, नि गोऱ्यांच्या देवळाची आरती करताय व्हय?" सभा हसली. मीही हसलो असतो, पण माइक माझ्या हातात होता.

त्या चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "जुनं उरलं ते श्रद्धेमुळे नाही. पाडायला पैसे नव्हते." हे वाक्य सभेत वेळेअभावी राहून गेले. आमच्या गावात मात्र कंपनीला जमिनी विकल्यापासून पैसा आहे.

५. सबब ही जमीन मी गुणाजीलाच देतो. समितीच्या वस्तूवर तो घण घालतो. स्वतःच्या वस्तूला कोणाला हात लावू देत नाही. बैल जाऊन जमाना झाला, तरी बापाची गाडी त्याच्या पडवीत उभी आहे. अट एकच: मंडप पाडू नये. स्लॅब हवाच तर शेजारी जोडावा. अट मोडल्यास जमीन मैथिलीकडे जाईल, आणि ती माझ्यापेक्षा जास्त बोलते.

६. माझ्या नावाची फरशी कुठेही लावू नये.

साक्षीला गुणाजीलाच बोलावले आहे. ज्याला मिळायचे त्यानेच साक्ष दिली तरी हिंदूचे मृत्युपत्र टिकते, हे वकिलाला विचारून घेतले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, आणि माझे ऐकून न घेता मत देण्याचा त्याला सराव आहे.

पेण, १४ नोव्हेंबर २०२४
सही: नीलकंठ दामोदर टिपणीस

साक्षीदार १: डॉ. सुजय अनंत गुप्ते. लिहून देणार शुद्धीवर आहेत, तपासले.

साक्षीदार २: गुणाजी धोंडू मरवडे. सगळं वाचून सही केली हाय. मंडप ऱ्हाईल. सरांची फरशी लागणार.