घोड्याचं नाक

अहो,

मला दुकानात लवकर बोलावलंय, म्हणून निघाले. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. टेबलावर तुमच्या लढाईच्या खेळातला किल्ला आणि पूल मांडलाय, त्याला मी काय करणार.

दुपारी भाऊजी आले होते, मोठा डबा घेऊन. म्हणाले, "वहिनी, माझं सैन्य घेऊन जातो." म्हटलं, न्या, मलाही टेबल मोकळं हवंय. घोडेस्वाराची चाल कुठून मोजायची, ते म्हणे घोड्याच्या नाकापासून, तुम्ही म्हणे घोडा ज्यावर चिकटवलाय त्या पायाखालच्या पट्टीपासून. एवढ्यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलंत. मी चहा ठेवायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर भाऊजी पुलापाशी वाकलेले. तुमच्या भालेवाल्यांच्या नखाएवढ्या ढाली बघत होते, नव्याने रंगवलेल्या. "दादाचा हात अजून स्थिर आहे," म्हणाले. मग माझी शिवणाची टेप मागितली, तुमच्यासारखं पट्टीपासून मोजलं, आणि आपला घोडेस्वार बोटभर मागे घेतला. पुलावर पोचलाच नव्हता म्हणे.

माफीबिफी काही मागितली नाही. तुमचाच भाऊ तो.

डबा रिकामाच घेऊन गेले. दारातून म्हणाले, "पुढची खेळी दादाची आहे." तेव्हा आता तुम्ही नाक वर करून बसू नका, फोन करा.

टेबल काही इतक्यात मोकळं होत नाही, कळलं मला. रविवारीही ताटं मांडीवरच घेऊ. फक्त दोनाऐवजी तीन काढा.