तीन मिनिटांचा क्ष

३ मार्च १९८६, सोमवार
आजपासून प्रोग्राम. हातातल्या आकड्यांतून सरळ रेषा काढून पुढचा आकडा सांगायचा. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. साहेब जेवायला गेले की माझा. शेजारच्या टेबलावरचा मधुकर म्हणाला, आधी रेषा काढा, तपासण्या नंतर. हुशार आहे, शिस्त नाही. आधी तपासण्याच लिहिणार. वाटेल ते आत घेतलं की सत्यानाश.
नंदिनी माहेरी, मिरजेला जाऊन महिना झाला. जाताना म्हणाली, मी तिचं एकही वाक्य पुराव्याशिवाय घेत नाही. उदाहरण मागितलं, तर रिक्षात बसली.

८ मार्च, शनिवार
वाशी पोस्टातून ट्रंक कॉल. तीन मिनिटं. पंधरा दिवसांत येते म्हणाली. प्रोग्रामला आयती माहिती! क्ष म्हणजे बोललेली मिनिटं, य म्हणजे ती यायला उरलेले दिवस. जास्त बोललो की दिवस कमी होणार, उघड आहे.
ऑफिसात येऊन भरलं. 'किमान दोन जोड्या हव्यात.' माझीच तपासणी. अभिमान वाटला.
संध्याकाळी समोरच्या रिकाम्या बिल्डिंगमध्ये दिवा दिसला. शेजार आला म्हणून बघायला गेलो. वॉचमन होता.

१५ मार्च, शनिवार
कॉल. आता महिनाभर तरी नाही म्हणाली. लाइनमध्ये खरखर होती, त्याचा परिणाम.
'सगळे क्ष सारखेच. रेषा निघत नाही.' बरोबरच आहे. दोन्ही वेळा तीन मिनिटंच. मधुकर म्हणाला, एका ठिकाणी चार टाका ना, कोण बघतंय. भागाकारात खाली शून्य आलं की काय होतं ते त्याला समजावलं. तो चहाला गेला.
पुढच्या शनिवारी सहा मिनिटं बोलणार. नक्की.

२२ मार्च, शनिवार
सहा मिळाली. पाण्याची वेळ, गॅस, पडदे. विषय लगेच संपले. मग प्रोग्राम सांगितला. काय काय आत घेत नाही ते सगळं. ती ऐकत होती. ऑपरेटर मध्ये बोलला तेव्हा घाईने विचारलं, किती दिवस?
"मी इथल्या शाळेत नोकरी धरलीय. दिवस मोजू नका आता."

२४ मार्च, सोमवार
क्ष सहा. य ला 'नाही' भरलं. 'फक्त आकडा द्या.'
शून्य भरलं. शून्य हा आकडा आहे. सगळ्या तपासण्या पार झाल्या, रेषा निघाली. सहा मिनिटं बोललो तर उरलेले दिवस शून्य. म्हणजे आजच.

रात्री ८
दोघांचा भात लावला. निवला.
प्रोग्रामात चूक नाही. मला करमत नाही.