सुरणाचे फूल आणि आजार फंड

निपाणी, २ मे १९३८, सोमवार
आजपासून आजार फंड सुरू. विलायतेत मजुरांचा आजाराचा विमा असतो, असे वर्तमानपत्रात वाचले. आमच्या गल्लीतून तंबाखूच्या वखारीत अकरा बायका जातात. प्रत्येकीने रोज मूठभर ज्वारी आमच्या माजघरातल्या डेऱ्यात टाकायची. जी आजारी पडेल तिला त्यातून मिळेल. मी सेक्रेटरी. नियम नऊ केले. वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच शिकवले, सर्टिफिकेट नाही. फंड चालला तर ते कोणी विचारणार नाही.

५ मे
नियम चौदा झाले. माजघराच्या खिडकीखाली सुरणाला फूल येत आहे, पानाच्या आधी. आप्पा म्हणतात, उमलले की सडक्या मांसाचा वास येतो. त्याला फसून माशा, किडे येतात आणि पराग नेतात. रोज नोंद ठेवणार. दोन्ही कामे सहज होतील.

९ मे
राजाबाई तापाने पडली. पहिलीच केस. तिची शेजारीण मालुबाई टोपली घेऊन आली. पण नियम ६: रोग्याने स्वतः येऊन अंगठा द्यावा. मालुबाई म्हणाली, आक्का, तिला चालाय येत असतं तर ती वखारीला गेली नसती व्हय? मुद्दा बरोबर आहे. पण पहिल्याच वेळी नियम मोडला तर पुढे काय? रविवारच्या मीटिंगमध्ये बदलू. ती रिकामी टोपली घेऊन गेली.

१२ मे
राजाबाईचा ताप उतरत नाही. बघायला जावेसे वाटले. सेक्रेटरीने निःपक्षपाती राहावे, म्हणून गेले नाही.

१५ मे, रविवार, सकाळी
फूल उमलले. माशा सत्तावीस, काळे किडे नऊ. आप्पा म्हणाले, बायका यायच्या आत काप. निरीक्षण अर्धवट कसे सोडायचे? कापले नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी
दहाजणी आल्या. उंबऱ्यातच नाकाला पदर. मालुबाईने विचारले, आक्का, डेऱ्यात उंदीर मेलाय काय? मी परागीभवन समजावून सांगू लागले. कोणीतरी म्हणाले, लई शिकल्या बगा, पर नाक न्हाय. माझे सांगून होईपर्यंत सगळ्यांनी ज्वारी वाटून घेतली होती. राजाबाईचा वाटाही नेला. नियम ६ चर्चेला आलाच नाही. काही वाटले नाही.

१७ मे
वास गेला. फूल लोळले. माशी एकही नाही. डेरा पालथा करून पाहिला, स्वच्छ.
राजाबाईकडे गेले. ती उठून बसली होती. ओसरीवर ज्वारीने भरलेल्या दोन टोपल्या. मालुबाई भाकरी थापत होती. कोणी किती दिली, असे मी विचारले. ती म्हणाली, मोजलंय कुणी? बसा, खावा.
अर्धी खाल्ली. सभासद नसताना खाल्ली, म्हणून घरी येऊन नियम पाहिले. चौदाही. सेक्रेटरीने मूठ टाकावी असे कुठेच लिहिलेले नव्हते. मी टाकलीही नव्हती.